काटा आणि काठी

जमिनीवरच्या वाहनाचे तेल संपले तर ती गैरसोय असते आणि पाण्यावरच्या वाहनाचे संपले तर ती हकीकत होते, हा भेद ज्याच्या ध्यानी येत नाही त्याने मोटरबोट बाळगण्याच्या भानगडीत पडू नये. स्कूटरचे पेट्रोल संपले असता तिला एका अंगावर कलती करून, टाकीच्या कोपऱ्यात दडून बसलेला शेवटचा घोट नळीच्या तोंडाशी आणावा आणि पुढचा पंप गाठावा, ही विद्या आपल्याकडे एका पिढीने दुसरीस कोणत्याही पाठशाळेवाचून दिली. मोटार बंद पडली तर ती ढकलण्यासाठी भर दुपारी निर्मनुष्य माळावरही चार इसम उत्पन्न होतात, आणि त्यांतले दोन केवळ सल्ल्यासाठी आलेले असले तरी उरलेल्या दोघांच्या बाहूंत बळ असते. परंतु मांडव्याहून निघून थळच्या पुढे खांदेरीच्या अंगाने चाललेल्या बोटीचे इंजिन दोन आचके देऊन स्तब्ध झाले, म्हणजे बोट कलती करून पाहण्याची सूचना कोणी करत नाही, आणि ढकलण्याचे काम समुद्र स्वतःच्या पसंतीच्या दिशेने, विनामोबदला सुरू करतो. याच खांदेरी बेटावर १६७९ साली मराठी आरमाराने इंग्रजांच्या जहाजांचा पहारा चुकवून रात्रीच्या अंधारात रसद पोहोचवली होती. त्या होड्यांना वल्ही होती, वल्ह्यांना हात होते, आणि टाकीच नसल्यामुळे टाकीत शिल्लक काय, हा प्रश्न त्या आरमाराच्या सरदारांना, दौलतखानास किंवा मायनाक भंडाऱ्यास, कधी पडला नाही. तो प्रश्न प्रगतीने निर्माण केला, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी प्रगतीनेच एक काटा नेमला.

या काट्याच्या कारभाराला उपमा द्यायचीच तर ती महसूल खात्याच्या पैसेवारीची द्यावी लागेल. शिवारात पीक किती उभे आहे हे शेतकऱ्याला ठाऊक असते. परंतु सरकारला ते शेतकऱ्याकडून कळून चालत नाही, म्हणून आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि सरतेशेवटी अंतिम अशी पैसेवारी कागदावर उतरते, आणि आकडा पन्नास पैशांच्या आत आल्याखेरीज, विहिरी कितीही कोरड्या पडलेल्या असोत, टंचाईला टंचाई म्हणण्याची मुभा वर्षानुवर्षे नव्हती. बोटीच्या टाकीतला सेन्सर हा असाच खालच्या पायरीवरचा अंमलदार आहे. त्याची नेमणूक अंधाऱ्या टाकीत, तेलाच्या उग्र दर्पात झालेली असते, त्याचा अहवाल एका बारीक तारेच्या मार्गे वरच्या डायलपर्यंत जातो, आणि सुकाणूपाशी गॉगल लावून उभे असलेले मालक त्या अहवालावरून खालच्या प्रजेच्या सुखदुःखाविषयी आपले मत निश्चित करतात. अंमलदाराची भेट घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर, कारभार पुरता बिघडल्याखेरीज, येत नाही.

तो प्रसंग आमच्या एका स्नेह्यांवर आला. सेवानिवृत्तीनंतर, ज्या वयात इतर लोक ज्ञानेश्वरीचे पारायण लावतात किंवा शेजारच्या इमारतीच्या बांधकामावर देखरेख करतात, त्या वयात त्यांनी जुनी, अमेरिकन बांधणीची, फायबरची मोटरबोट खरेदी केली. बोटीच्या तळफळ्यांखाली डाव्या आणि उजव्या अंगाला डिझेलच्या दोन टाक्या होत्या, आणि वर त्या टाक्यांचे दोन डायल शेजारीशेजारी बसवलेले होते. डाव्या डायलचा काटा पाऊण टाकीच्या खुणेवर स्थिर असे. टाकी तुडुंब भरली तरी पाऊण, रिकामी होत आली तरी पाऊण, आणि इंजिन बंद करून किल्ली काढून घेतली म्हणजे मात्र तो नाइलाजाने खाली जाई. उजव्या काट्याची वृत्ती अगदी विरुद्ध होती. लाट आली की तो पूर्णत्वाला जाई, लाट गेली की शून्यत्वाला येई, आणि या दोन अवस्थांच्या मधले काहीही त्याला मान्य नसे. स्नेही या दोघांची सरासरी काढून बोट चालवीत. पदवीला त्यांनी संख्याशास्त्र घेतलेले होते.

बोटीचा तांडेल मात्र या डायलांकडे, नव्या सुनेने आणलेल्या शोभेच्या वस्तूंकडे सासू जशी पाहते तसा, न पाहता पाहत असे. त्याच्यापाशी हातभर लांबीची सागवानी पट्टी होती. तिच्यावर खाचा होत्या, आणि प्रत्येक खाच म्हणजे टाकीत ओतलेला एकेक कॅन, असा तिचा जाहीरनामा होता. निघण्यापूर्वी तो तेल भरण्याच्या तोंडातून ती पट्टी सरळ खाली सोडी, तळाला टेकल्याचा आवाज ऐके, वर काढून ओल कोठवर आली ते पाही, आणि पट्टी पुसून ठेवताना एकच शब्द उच्चारी: “बास” किंवा “भरा.” एकदा स्नेह्यांनी त्याला काट्याकडे बोट दाखवून सांगितले, की पाऊण टाकी आहे, भरण्याचे कारण नाही. तांडेल म्हणाला, “शेट, काटा काय बी बोलंल. त्याला कुटं पोवत घरी यायचंय?” या युक्तिवादाला संख्याशास्त्रात उत्तर नव्हते. पावसाळ्यात बोट वर ओढून घेतली तेव्हा दोन्ही सेन्सर बदलण्याचा ठराव मंजूर झाला.

सेन्सर बदलण्याआधी तो खरोखर अपराधी आहे काय, याची चौकशी करण्याची पद्धत आहे, आणि ती पाळावी. कारण खाऱ्या हवेने तारेचे टोक गंजून हिरवे पडलेले असते आणि अर्थिंगची जोडणी ढिली झालेली असते, अशा वेळी तारेच्या गुन्ह्यासाठी सेन्सरला सुळी देण्याचे प्रकार बोटींच्या दुनियेत सर्रास घडतात. मुंबईहून आलेल्या वायरमनने ही चौकशी शांतपणे केली. अमेरिकन बोटींत सेन्सरकडून डायलकडे जाणारी तार गुलाबी असते. ती त्याने सेन्सरपासून सोडवली तेव्हा काटा रिकामेपणाच्या खुणेखाली गेला. मग तिचेच टोक त्याने अर्थिंगला टेकवले तेव्हा काटा पूर्णत्वाची खूण ओलांडून पलीकडे गेला. याचा अर्थ डायल निर्दोष, तार निर्दोष, आणि संशयाची सुई टाकीत दडलेल्या अंमलदाराकडे. दुसऱ्या टाकीचा निकालही हाच लागला. स्नेह्यांना या कारवाईत एवढा रस उत्पन्न झाला, की काटा पुन्हा पुन्हा पूर्णत्वाला नेऊन दाखवण्याची त्यांनी वायरमनला विनंती केली. पूर्ण भरलेली टाकी डायलवर पाहण्याचा योग त्यांना डाव्या अंगाला प्रथमच येत होता.

अपराध्याला बाहेर काढणे हे त्याहून बिकट काम. सेन्सरची वाटोळी चकती टाकीच्या माथ्यावर पाच स्क्रूंनी आवळलेली असते. टाकी अॅल्युमिनियमची, स्क्रू स्टेनलेस पोलादाचे आणि त्यांच्या फटीत समुद्राचे पाणी, अशी त्रिवेणी जमली म्हणजे दोन धातूंमध्ये जो गुप्त व्यवहार सुरू होतो त्यात अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीच्या रूपाने आपला देह झिजवते आणि त्या भुकटीत स्क्रू असा काही रुतून बसतो, की पान्याला तो आपले डोके देतो पण जागा देत नाही. वायरमनने गंज सोडवणारे तेल फवारले, चहा घेतला, पुन्हा फवारले, पुन्हा चहा घेतला. पहिले चार स्क्रू संध्याकाळपर्यंत शरण आले. पाचवा, सर्व संस्थांत असतो तसा, शेवटपर्यंत विरोधात राहिला, आणि त्याला ड्रिल चालवूनच काढावे लागले. त्या वेळी धातूचा कीस टाकीत पडू नये म्हणून स्नेही स्वतः हातात चुंबक घेऊन सज्ज होते, आणि अॅल्युमिनियमला चुंबक ओढत नाही हे त्यांना कोणीही, आदरापोटी, सांगितले नाही.

चकती उचलली तेव्हा तिच्याखालून जे बाहेर आले ते पाहून, एवढ्या वस्तूवर आपण समुद्रात प्राण सोपवीत होतो काय, असा विचार कोणाच्याही मनात येता. एक वाकडी तार. तिच्या टोकाला तेलावर तरंगणारा काळा गोळा. दुसऱ्या टोकाला नखाएवढ्या पट्टीवर सरकणारी पितळी जीभ. तेल चढले की गोळा चढतो, जीभ पट्टीवर एका बाजूला सरकते, विजेला होणारा रोध बदलतो, आणि त्या बदलाप्रमाणे वरचा काटा हलतो. या प्रकरणात ज्ञान म्हणून जे काही आहे ते एवढेच. डाव्या सेन्सरच्या तारेचा सांधा गंजून धरला होता आणि गोळा पाऊण उंचीवर, त्रिशंकूप्रमाणे, तेल असो वा नसो, लोंबत राहिला होता. उजव्याची जीभ वर्षानुवर्षे एकाच पट्टीवर घासून इतकी झिजली होती, की तिचा स्पर्श केवळ लाटेच्या धक्क्याने घडे. म्हणजे एक अंमलदार ठरलेला अहवाल पाठवीत होता आणि दुसरा धक्का बसल्याखेरीज अहवालच पाठवीत नव्हता.

नवा सेन्सर मागवताना दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, की टाकीची खोली किती. हा प्रश्न रास्त होता, कारण तारेची लांबी खोलीवर ठरते. आखूड तारेचा गोळा तळापर्यंत पोहोचत नाही आणि लांब तारेचा तळावर आपटतो. पण खोली मोजायची कशाने? सर्वांनी एकमेकांकडे पाहिले, आणि तांडेल एक शब्दही न बोलता आपली सागवानी पट्टी घेऊन आला. विजेचा अंमलदार ज्या मापाने नेमला जायचा ते माप अशा रीतीने काठीच्या दप्तरातूनच निघाले, आणि त्या दिवशी पट्टी पुसून ठेवताना तांडेलाने ती नेहमीपेक्षा थोडी अधिक वेळ पुसली.

यथावकाश पेटी आली, नवे सेन्सर बसले. त्यांच्या चकतीची पाच भोके मुद्दाम असमान अंतरावर ठेवलेली असतात, त्यामुळे ती एकाच बाजूने बसते आणि आतली तार टाकीतल्या आडव्या पडद्यांना न अडखळता हलते; मानवी स्वभावाचा एवढा सखोल विचार फार थोड्या यंत्रांत आढळतो. रबराचा वायसर घातला, तारा जोडल्या, किल्ली फिरवली. काठीच्या हिशेबाने दोन्ही टाक्या निम्म्या होत्या, आणि दोन्ही काटे सावकाश उठून बरोबर निम्म्याच्या खुणेवर, कवायतीतल्या शिपायांप्रमाणे, शेजारीशेजारी उभे राहिले. स्नेह्यांचा कंठ दाटून आला. त्यांनी वायरमनला ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले, पेढे वाटले, आणि तांडेलाला, ती पट्टी आता घरी नेलीस तरी चालेल, असे मोठ्या मनाने सांगितले. तांडेलाने ती सुकाणूच्या मागे ठेवली.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, बोट पाण्यात उतरली, आणि पहिल्या सफरीसाठी डिझेल भरण्याचा समारंभ सुरू झाला. खलाशी कॅनमागून कॅन ओतत होता, आणि मालक डायलसमोर, निवडणुकीचा निकाल ऐकण्यास बसलेल्या उमेदवाराच्या मुद्रेने, काटा वर जाण्याची वाट पाहत होते. काटा खाली गेला. त्यांनी चष्मा पुसला. आणखी एक कॅन रिता झाला. काटा आणखी उतरला. “थांबा!” ते ओरडले, “गळतंय कुठेतरी!” तळफळ्या उचलल्या गेल्या, बोटीच्या पोटात बॅटरी मारली गेली, बोटे बुडवून वास घेतले गेले, खाली नेहमीचे खारे पाणी होते, डिझेलचा थेंब नव्हता. खलाशाने उरलेले कॅन ओतले, तेल टाकीच्या तोंडाशी येऊन दिसू लागले, आणि त्या परिपूर्ण क्षणी दोन्ही काटे रिकामेपणाच्या खुणेजवळ जाऊन टेकले. तांडेलाने पट्टी सोडली, काढली, पाहिली. “बास,” तो म्हणाला.

रहस्य असे होते. रोधाचे माप ज्याच्या नावाने ओळखले जाते त्या गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने आपला नियम १८२७ साली प्रसिद्ध केला. परंतु त्या नियमाचा उपयोग करताना टाकी कोणत्या टोकाला रिकामी मानावी, याविषयी अटलांटिकच्या दोन तीरांवर तह झालेला नाही. अमेरिकन प्रघात असा, की टाकी रिकामी असता २४० ओहम आणि भरलेली असता ३३. युरोपीय प्रघात असा, की रिकामी असता १० आणि भरलेली असता १८०. म्हणजे एकाकडे संपत्तीबरोबर विरोध कमी होत जातो आणि दुसऱ्याकडे वाढत जातो, आणि दोन्ही अनुभव जगात खरे आहेत. स्नेह्यांचे डायल अमेरिकन होते आणि पेटीतून आलेले सेन्सर युरोपीय. निम्म्या टाकीला मात्र एक पंथ शंभराच्या थोडे वर आणि दुसरा थोडे खाली असे आकडे सांगतो, त्यामुळे चाचणीच्या दिवशी दोघांचे एकमत झाले होते. मध्यम परिस्थितीत सर्व मतपंथ जुळतात; मतभेद उघडे पडतात ते सुबत्तेत किंवा दारिद्र्यात. त्या अवस्थेत बोट हाकली असती, तर जो जो मैल कापावा तो तो टाकीतले तेल वाढताना दिसले असते, आणि सूर्याने पांडवांना दिलेली थाळी आपल्या वाट्यास आली या समाधानात स्नेही खांदेरीच्या पुढे कोठवर गेले असते, हे सांगवत नाही.

अशा घोटाळ्यांना केवळ हौशी माणसेच बळी पडतात असे नाही. १९८३ च्या जुलै महिन्यात मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघालेल्या एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाची इंधनमापक यंत्रणा बंद होती, म्हणून जाणत्या लोकांनी टाक्या मोजपट्टीने मोजल्या. पट्टीने लिटर बरोबर सांगितले. परंतु लिटरचे वजन करताना, किलोग्रॅमसाठी सुमारे ०.८ ने गुणायचे ते पौंडांच्या १.७७ ने गुणले गेले, आणि जेवढे किलो हवे होते तेवढे पौंड घेऊन, म्हणजे निम्म्याहून कमी तेलावर, विमान आकाशात चढले. ४१,००० फुटांवर ते संपले. वैमानिकांनी ते अवाढव्य धूड तरंगत तरंगत गिमली येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवले, जिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालू होत्या, आणि सर्वांचे प्राण वाचले. काठीचे भक्त या हकीकतीने खजील होतील. परंतु काठीने तिथेही खोटी साक्ष दिली नव्हती, खोटा पडला तो गुणाकार.

सेन्सरचेही तसेच आहे. मांडव्याच्या धक्क्यावर पेटी परत करताना स्नेह्यांनी त्याला लबाड, ठक आणि परदेशी अशा तिन्ही पदव्या दिल्या. मला मात्र त्या गरीब वस्तूची कणव आली. तिला आपण विचारतो काय? एक काळा गोळा किती उंचीवर तरंगतो आहे, एवढेच. आणि त्याचे उत्तर ती आपल्या पंथाप्रमाणे इमानेइतबारे देते. आपल्या मनातला प्रश्न निराळाच असतो. आपल्याला घरी पोहोचू काय, हे हवे असते, आणि तो प्रश्न आपण गोळ्याला कधी विचारलेला नसतो. बोटीची टाकी तळाच्या आकाराबरोबर खाली निमुळती होत जाते, म्हणून निम्म्या उंचीला निम्मे तेल नसते आणि पाव उंचीला पाव तर नसतेच नसते. तेल ओढणारी नळी तळाच्या थोडी वर थांबते, म्हणून धरणांच्या भाषेत ज्याला मृतसाठा म्हणतात तो इथेही असतो, आणि काटा तोही जमेस धरतो. वारा समोरून लागला, ओहोटी उलटी पडली, बरोबरचे पाहुणे अंमळ वजनदार निघाले, की त्याच तेलात निम्मेच अंतर कापले जाते. या कशाचाही सुगावा त्या नखाएवढ्या पट्टीला नसतो. पन्नास पैसे लिहिणाऱ्या लेखणीला तरी भूक कोठे कळते?

अमेरिकन पंथाचे सेन्सर पुढे आले, बसले, आणि आता काटे भरल्या टाकीला भरलेले व रित्या टाकीला रिते दाखवतात. स्नेही त्यांच्याकडे पाहून तृप्त असतात, आणि त्यात काही वावगे नाही. कारण भर समुद्रात, बोट लाटेवर नाचत असता, टाकीचे तोंड उघडून काठी सोडण्यास तांडेलही धजत नाही, आणि तिथे काट्याखेरीज दुसरा साक्षीदार नसतो. धक्क्यावर मात्र काठीचाच शब्द चालतो. आणि काटा व काठी दोघांच्याही वर दर्यावर्दी लोकांचा एक जुना दंडक आहे, की तेलाचा एक भाग जाण्यास, एक भाग येण्यास आणि तिसरा भाग ज्याचे नाव घेऊ नये त्या प्रसंगास राखून ठेवावा; हा तिसरा भाग कोणताही सेन्सर दाखवत नाही, तो माणसाने आपल्या भीतीतून स्वतःच वजा करायचा असतो. ज्याला हे तिन्ही भाग भरण्याची ऐपत नाही, किंवा एक भाग न वापरता परत आणण्याचा संयम नाही, त्याने पावसाळा वगळून मांडव्याहून मुंबईस सुटणाऱ्या लाँचचे तिकीट काढावे. तिच्या टाकीत तेल किती, याची चिंता तिकिटाच्या दरात धरलेली असते, आणि वर समुद्रही तोच मिळतो.